नोकरी, घर आणि आपलं स्वतःबद्दलचं मत: या चुका टाळा

मार्चअखेर होती. पतसंस्थेत एकशे वीस रुपयांचा फरक काही केल्या सापडेना. साडेआठला रत्नागिरी स्टँडवर गाडी मिळाली. घरी आले तर मुलगी झोपलेली आणि तिची चित्रांची वही तशीच कोरी. सासूबाई म्हणाल्या, "अगो, जेवून घे आधी." मला ऐकू आलं, 'आली एकदाची.' ताटावर बसले, पण घास उतरेना. चार दिवस मी त्यांच्याशी तुटक वागले.

पुढे कधीतरी धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "भात निवत होता गो, म्हणून म्हटलं."

ही पहिली चूक, आणि मला वाटतं सगळ्यांत महागडी. आपण स्वतःबद्दल मनात जे धरून बसलेलो असतो, ते दुसऱ्याच्या तोंडी घालतो. टिमथी जज, एडविन लॉक आणि कॅथी डरहॅम या अभ्यासकांनी १९९७ साली याच्या मुळाशी असलेली एक कल्पना मांडली. तिला मराठीत 'गाभ्याचं स्वमूल्यमापन' म्हणता येईल. त्यात चार धागे आहेत: आपण स्वतःची किंमत किती धरतो, हाती घेतलेलं काम जमेल असा भरवसा किती, आयुष्याची दोरी आपल्या हाती वाटते की नशिबाच्या, आणि मन किती पटकन ढवळतं. ज्यांचं हे मूल्यमापन बरं असतं, त्यांना घर आणि नोकरीतली ओढाताण कमी जाणवते, असं नंतरच्या बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून शंका आली की विचारा. "तुम्ही रागावलात का?" एवढं पुरतं.

सगळं खापर वेळेवर फोडू नका

'वेळच पुरत नाही' हे आपलं ठरलेलं उत्तर. पण ग्रीनहाउस आणि ब्यूटेल यांनी १९८५ सालीच या ओढाताणीचे तीन प्रकार सांगितले: वेळेची, ताणाची आणि वागण्याची. तिसरा प्रकार आपल्या लक्षातच येत नाही. माझा भाऊ लोट्याच्या एमआयडीसीत पाळीवर सुपरवायझर आहे. पहिली पाळी करून तो चारच्या आत घरी असतो, म्हणजे वेळ भरपूर. पण मुलगा गणितं सोडवत बसला की हा मागे उभा राहून विचारणार, "किती झाली? का नाही झाली?" कारखान्यात तेच चोख काम, पण घरी पोरगं वही मिटून पडवीत जातं. भावाला वाटायचं, आपण बाप म्हणून कमी पडतो. खरं तर पाळी संपली तरी त्याच्यातला सुपरवायझर तेवढा घरी येत होता. आता तो आल्यावर आधी विहिरीवर जाऊन अंघोळ करतो, मग माडांना पाणी सोडतो, आणि त्यानंतरच मुलाजवळ बसतो.

आठवडाभर रोज रात्री एक ओळ लिहून बघा: आज कशावरून बिनसलं? वेळ, ताण की वागणं? उपाय त्यावर ठरतो. ताणाच्या दुखण्याला नुसती रजा पुरत नाही.

'मीच केलं पाहिजे' हा आत्मविश्वास नव्हे

इथे मी स्वतः पुष्कळ वर्षं फसले. गणपतीत घरी मुंबईची वीस माणसं. मी दिवसभर काउंटरवर बसायची आणि रात्री दोनपर्यंत मोदक वळायची. कुणी हात लावायला आलं तर म्हणायची, "राहू दे, मी करते." सगळे कौतुक करायचे, आणि त्या कौतुकाची मला गरज होती. माझ्यावाचून अडतं, हे रोज सिद्ध केल्याशिवाय मला माझी किंमत वाटत नव्हती. ज्याला ती आतून वाटते, तो मदत मागताना लाजत नाही.

एका वर्षी तापानं पडले आणि मोदक पुतण्याकडे गेले. त्यानं जेमतेम सात कळ्या पाडल्या. दोन मोदक मोदकपात्रात फुटून सारण बाहेर आलं. मी खोलीतून सगळं ऐकत होते, उठून जावंसं वाटत होतं. नैवेद्य वेळेवर झाला. पुतण्या अजून दरवर्षी वळतो, आणि आता कळ्या अकरा पडतात.

एक काम पुरतं दुसऱ्याच्या हवाली करा आणि ते पुन्हा स्वतः नीट करायला जाऊ नका. आपण पुन्हा केलं की समोरचा पुढच्या खेपेला पुढे येत नाही.

रजेचा नकार मनाला लावून घेऊ नका

गणपतीचे तेच पाच दिवस अख्ख्या ऑफिसला हवे असतात. साहेब 'बघू' म्हणाले की वाटतं, आपल्याला इथे किंमतच नाही. अर्ज आषाढातच द्या, आणि आपलं काउंटर कोण सांभाळणार तेही त्यातच लिहा. नकार आला तरी तो त्या तारखांना असतो.

तसंच पावसाचं. परशुराम घाटात दरड आली, वाहतूक थांबली आणि मूल शाळेत अडकलं, यात आपण वाईट आई किंवा वाईट बाप ठरत नाही. शाळेजवळच्या एका घरी आधीच सांगून ठेवणं मात्र आपल्या हातात आहे, ते जूनच्या आधी करा.

सगळंच स्वतःवर घेऊ नका

हे मला कळकळीनं सांगायचं आहे. स्वतःबद्दलचं मत सुधारा, असं सांगून कुणी तुमच्यावर दोन माणसांचं काम टाकत असेल तर ते मान्य करू नका. दोष कामाच्या आखणीत असेल तर तो तिथेच दुरुस्त व्हायला हवा. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभाही आली. तुमच्या कंपनीत माणसं किती आहेत ते मोजा, आणि पाळणाघर नसेल तर लेखी विचारा.

आमच्या शाखेत आम्ही नऊच जण, आम्हाला ती तरतूद लागू नाही. म्हणून मार्चच्या उशिराच्या रात्री आम्ही आपसांत वाटून घेतल्या. तक्ता तिजोरीच्या खोलीच्या दारामागे चिकटवला आहे. बुधवारी मी साडेपाचला निघते.