जुन्या इंजिनाला टर्बोचा मॅनिफोल्ड बसवताना

टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंप, आणि मॅनिफोल्ड म्हणजे तो धूर गोळा करून टर्बोपर्यंत नेणारा भाग. रोज चालणाऱ्या गाडीला मॅनिफोल्ड शक्यतो बिडाचाच, म्हणजे ओतीव लोखंडाचाच घ्या. वेल्डिंग केलेला पाइपांचा मॅनिफोल्ड दिसायला देखणा. पण टर्बोचं वजन आणि इंजिनाचे हादरे सोसून त्याचे जोड तडकतात, विशेषतः टर्बोला वेगळा आधार नसेल तर.

भंगारातून जुना आणला असेल तर त्याच्या इंजिनाला टेकणाऱ्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचं माप) फिरवा. तापून तापून बीड वाकलेलं असतं. ०.१ मिमीचं पातं सहज आत सरकलं, तर छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज किंवा चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या वर्कशॉपात तोंड ग्राइंड करून घ्या. नुसतं जोडातलं जाड गॅस्केट (फट बंद करणारा थर) लावून भागवू नका, ते फुंकलं जाईलच.

पक्कं कसण्याआधी टर्बो अडकवून बघा. ऑइल परतीचा पाइप सरळ खाली, उतारानं संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत गेला पाहिजे. तो वर चढला किंवा चेंबला तर टर्बोच्या सीलमधून ऑइल गळतं आणि धूर सुरू होतो. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच.

स्टड, म्हणजे मॅनिफोल्ड धरून ठेवणारे बिनडोक्याचे बोल्ट, नवे घ्या. नट मधून कडेकडे, दोन-तीन टप्प्यांत टॉर्क पान्यानं (किती जोरात आवळलं ते मोजणाऱ्या पान्यानं) आवळा. इंजिन एकदा तापवून पूर्ण गार झाल्यावर पुन्हा तपासा.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बॉनेटखाली आधीच भट्टी असते. वायरिंग आणि ब्रेकच्या नळ्या जवळ असतील तर मध्ये पत्र्याची हीट शील्ड हवीच.