पुद्दुचेरीच्या हेरिटेज हॉटेलात राहताय? या चुका टाळा

पहिली चूक घरी बसूनच होते, ती महिना निवडताना. आपल्याकडे दिवाळी झाली की पाऊस संपलेला असतो, म्हणून लोक बिनधास्त नोव्हेंबरचं बुकिंग करतात. तिथला मोठा पाऊस मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो. २०२४ मध्ये फेंगल चक्रीवादळ पुद्दुचेरीजवळ धडकलं, तेही ३० नोव्हेंबरला. जानेवारी-फेब्रुवारीत जा.

दुसरी चूक म्हणजे फक्त फोटो बघून पैसे भरणं. पिवळ्या भिंती आणि पांढऱ्या कडा कालच्या इमारतीलाही रंगवता येतात. फोन करून सरळ विचारा: माझी खोली जुन्या घरात आहे की मागे नव्याने बांधलेल्या भागात? लिफ्ट आहे का? आई-बाबा सोबत असतील तर तळमजल्याची खोली आधीच मागून घ्या, जुने जिने उंच पायऱ्यांचे असतात. आणि फ्रेंच भागाचाच हट्ट नको. शहराच्या मधून जाणाऱ्या कालव्याच्या पश्चिमेला तमिळ वस्तीतली घरंही हॉटेलं झाली आहेत. रस्त्याकडेला ‘तिण्णै’ म्हणजे ओटा, आत आपल्या वाड्यासारखा चौक. मला तीच जास्त आवडतात.

सगळ्यात जास्त तक्रारी येतात त्या ओलीच्या. खोलीत कुबट वास येतो, फरशी घसरडी होते, कपाटातले कपडे दमट लागतात. मीही पहिल्या रात्री एसी १८ वर लावून झोपलो आणि पहाटे उठलो तेव्हा लाल गुळगुळीत फरशीवर पाय सरकला. वर गळती नव्हती. खिडकीला तिरप्या पट्ट्यांची लाकडी झडपं होती, त्यांच्या फटींतून समुद्राची दमट हवा आत येत होती आणि गार फरशीवर तिचं पाणी होत होतं. खोली आवरायला आलेल्या मावशींनी काही न बोलता चारही झडपं उघडली, पंखा फुल केला. तासाभरात फरशी कोरडी!

तेव्हापासून माझा नियम ठरला आहे. एसी हवा असेल तर काचेची तावदानं असतील ती नीट लावून २५-२६ वर ठेवायचा. नाहीतर एसी बंद, झडपं उघडी, पंखा चालू. छत उंच असल्यामुळे गरम हवा वर राहते आणि जानेवारीत तेवढं पुरतं. या भिंती चुन्याच्या गिलाव्याच्या आहेत, त्यांना हवा लागतेच. ओले टॉवेल खिडकीच्या लाकडावर टाकू नका, भिंतीला टेप चिकटवू नका. कडेला पोपडे दिसले तर लगेच ‘घाणेरडं हॉटेल’ म्हणू नका. खाऱ्या हवेत चुना सोलवटतोच. पलंगाजवळची भिंत हाताला ओली लागली, तर मात्र खोली बदलून मागा.

दमट दिवसांत दार फुगून अडकतं. खांद्याने धक्के देऊ नका, किंचित उचलून ओढा.

रात्री छताकडे बघाच. जवळजवळ लावलेले लाकडी वासे आणि त्यांवर उभ्या तिरप्या रचलेल्या विटा, छत बांधायच्या या जुन्या पद्धतीला मद्रास टेरेस म्हणतात.

आणि समुद्रावर सूर्यास्त बघायला धावू नका. किनारा पूर्वेचा आहे, तिथे सूर्य उगवतो. संध्याकाळपासून सकाळपर्यंत बीच रोड गाड्यांना बंद असतो, त्यामुळे पहाटे साडेपाचला चालतच निघा.