धूळ, रंग आणि शेंगाचटणी: कामावरची अ‍ॅलर्जी कशी सांभाळायची

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी शिलाई आणि पॅकिंगचं खातं बघते. खात्यातल्या बायका मला अक्का म्हणतात. शिंका, खाज, अंगावरच्या गांध्या, छातीतली घरघर, सगळं आधी माझ्या टेबलापाशी येतं. माझं सांगणं प्रत्येकीला एकच असतं: मेडिकलमधून गोळी आणायच्या आधी त्रास कशानं होतोय ते शोधा. गोळी खाऊन त्याच जागी बसलात तर उद्या परत तेच.

शोधायला एक वही पुरते. त्रास कधी सुरू झाला, तेव्हा कुठल्या मशीनवर होता, शेजारी काय चाललं होतं, डब्यात काय खाल्लं, एवढं रोज दोन ओळींत लिहा. सुट्टीच्या दिवशीचंही लिहा, ते फार कामाचं असतं. गड्ड्याच्या जत्रेला चार दिवस घरी राहिल्यावर खोकला थांबला आणि कामावर येताच परत लागला, तर कारण बहुतेक कारखान्यातच आहे. मात्र त्रास लगेचच होतो असं नाही. दम्याचा खोकला कधीकधी कामाची पाळी (शिफ्ट) संपल्यावर काही तासांनी, रात्री अंथरुणात सुरू होतो. कातडीवरचा पुरळ तर एक-दोन दिवसांनी उठतो. म्हणून आज हात खाजतोय तर परवा काय हाताळलं तेही बघा. आमच्या एका मुलीच्या मनगटाला सारखी खाज यायची. सगळे टॉवेलच्या रंगाला दोष देत होते. वहीत बघितलं तर रबरी हातमोजे घालायच्या कामानंतरच खाज उठत होती. हातमोजे नायट्राइलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे, आणले आणि तिचं मनगट बरं झालं.

आता धूळ. मागखात्यात आणि टॉवेल कापायच्या टेबलाभोवती सुताची बारीक लव सारखी उडत असते. ती साफ करायला कंप्रेसरची हवा मारायची पद्धत सगळीकडे आहे आणि ती बंद करायला हवी. हवा मारली की खाली बसलेली धूळ पुन्हा नाकाशी येते. व्हॅक्यूम वापरा. तो नसेल तर ओल्या फडक्यानं पुसा, तेही पाळी सुटल्यावर, बायका उठून गेल्यावर. तोंडाला ओढणी बांधल्यानं बारीक धूळ अडत नाही. एन-95 मास्क हवा, तोही गालाला घट्ट बसणारा. दाढी असेल तर कडेनं हवा शिरते.

सुट्टीनंतरच्या पहिल्याच दिवशी छाती आवळते आणि आठवडाभरात हलकं वाटायला लागतं, असं असेल तर ते अंगावर काढू नका. कापसाच्या धुळीनं होणारा बिसिनोसिस हा आजार असाच सुरू होतो. तो नेहमीच्या अर्थानं अ‍ॅलर्जी नाही, शिंकेच्या गोळीनं तो जात नाही, आणि वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं तर फुप्फुसं कायमची अधू होतात. डॉक्टरांना फुंकायची तपासणी करायला सांगा. दम्याचा संशय असेल तर ते पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकेचा जोर मोजायचं छोटं यंत्र, देतील. कामाच्या आणि सुट्टीच्या अशा दोन्ही दिवशी, दिवसातून चार वेळा, किमान दोन आठवडे फुंकून आकडे लिहायचे. दर वेळी तीनदा फुंकायचं आणि मोठा आकडा धरायचा. कामाच्या दिवशी आकडा पडतो हे कागदावर दिसलं की मालकाशी वाद घालावा लागत नाही.

रंगखात्यात सगळ्यात जपायचं ते कोरड्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगाच्या (सुताशी पक्का जोडला जाणारा रंग) पूडला. तिनं दमा होऊ शकतो, आणि एकदा शरीरानं ती ओळखली की पुढे चिमूटभरही पुरते. रंग मोजायची जागा वेगळी ठेवा, पंख्याच्या वाऱ्यात मोजू नका, डबा उंचावरून ओतू नका. ज्याला त्रास सुरू झालाय त्याला त्या खात्यातून हलवणं हाच खरा इलाज.

पावसाळ्यात कंपाउंडला लागून गाजर गवत माजतं. 1950 च्या दशकात पुण्यात दिसलेलं हे गवत आता कुठे नाही असं नाही. वॉचमन, माळी, गाडीवाले यांच्या पापण्या, मान आणि कोपराच्या खाचा लाल होऊन चिरतात, ते बऱ्याचदा यामुळे. फुलावर यायच्या आधी, जमीन ओली असताना, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून मुळासकट उपटा. अ‍ॅलर्जी असलेल्याला मात्र या कामाला लावू नका.

आणि डबा. सोलापुरात शेंगाचटणीशिवाय डबा उघडत नाही, आमटीत कूट, वांग्यात कूट. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेली बाई पंगतीत असेल तर ते सगळ्यांना ठाऊक हवं. तिच्या ताटात न विचारता काही वाढायचं नाही, “एक घास खा गं, काय होतंय” म्हणून आग्रह करायचा नाही. जेवल्यावर हात साबण-पाण्यानं धुवायचे, नुसत्या सॅनिटायझरनं शेंगदाण्याचा अंश जात नाही.

ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, दम लागला, गांध्यांबरोबर उलटी किंवा चक्कर आली, तर ती जिवावरची अ‍ॅलर्जी आहे. लगेच 108 ला फोन करा. आडवं झोपवून पाय वर करा. दम लागत असेल तर बसू द्या, पण उभं करून चालवू नका. पाणी पाजू नका. यावर खरं औषध अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन, ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत देतात. अ‍ॅलर्जीची गोळी त्याची जागा घेत नाही. ज्यांना असा झटका एकदा आलाय त्यांनी डॉक्टरांना विचारून ते जवळ ठेवावं, आणि शेजारच्या दोघींनी द्यायला शिकून घ्यावं. बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच, कारण काही तासांनी झटका परत येऊ शकतो.

मालकाकडे जाताना वही घेऊन जा आणि एकच नेमकी गोष्ट मागा. “मालक, धुळीचा त्रास होतोय” म्हटलं की “सगळ्यांनाच होतोय” असं उत्तर येतं. “मालक, कटिंगच्या टेबलाजवळ बसलं की अर्ध्या तासात घरघर होते, मला खिडकीकडच्या मशीनवर द्या” म्हटलं की ऐकतात. ईएसआयचं, म्हणजे कामगार विमा योजनेचं, कार्ड असेल तर तिथल्या डॉक्टरांना आपण नेमकं काय काम करतो ते सांगून केसपेपरवर लिहून घ्या. बिसिनोसिस आणि कामामुळे झालेला दमा हे दोन्ही ईएसआयच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहेत. नुसतं “खोकला” लिहिलेला कागद पुढे उपयोगाला येत नाही.