पेटीवरून पियानोकडे वळताना

ज्यांचा हात पेटीवर बसलेला आहे, त्यांना पियानोसमोर बसताच पांढरी एक, काळी एक ओळखता येते, कारण पट्ट्यांची मांडणी तीच असते. फरक विस्ताराचा आहे: ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या मिळून ८८ पट्ट्या, म्हणजे सव्वासात सप्तके. त्याहून मोठा फरक सूर उमटण्याच्या रीतीत आहे. पेटीत आवाजाचे लहानमोठेपण भाता ठरवतो. पियानोत पट्टी दाबताच नमदा लावलेली हातोडी तारेवर आदळते आणि ती किती वेगाने आदळली यावर सूर हळू की मोठा हे ठरते. इ.स. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी हे वाद्य घडवले, ते हळू आणि मोठा असे दोन्ही सूर बोटांतून काढता यावेत म्हणूनच. माझ्या मते पियानोचे खरे आकर्षण इथेच आहे.

म्हणून पहिले काही दिवस पलटे बाजूला ठेवावेत. एकच पट्टी घेऊन ती आधी अगदी हलकी, मग क्रमाक्रमाने जोरकस वाजवावी आणि दर वेळी सूर पूर्ण विरेपर्यंत ऐकावे. भात्याने सूर फुगवण्याची सवय इथे उपयोगी पडत नाही. एकदा उमटलेला सूर विरतच जातो. घरी सरावासाठी डिजिटल पियानो घ्यायचा असेल, तर वजनदार, म्हणजे दाबताना खऱ्या पियानोसारखा जडपणा जाणवणाऱ्या पट्ट्यांचाच घ्यावा, नाहीतर हा सराव होणारच नाही.

यानंतर भात्यातून मोकळ्या झालेल्या डाव्या हाताकडे वळावे. पांढरी एकचा सा धरून उजव्या हाताने सा रे ग अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाने वाजवावेत, अंगठा बोटांखालून नेऊन म घ्यावा आणि करंगळीवर तार सा यावा. डावा हात करंगळीने सा वर सुरू होतो, अंगठा प वर पोहोचतो आणि मधले बोट त्यावरून ओलांडून ध घेते. दोन्ही हात आधी वेगवेगळे तयार करावेत. एकत्र आणण्याची घाई केली तर डावा हात कायमचा मागे राहतो, असा माझा अनुभव आहे.

उजवे पेडल सर्वांत शेवटी घ्यावे. टाच जमिनीवर टेकवून ते दाबले की पट्टी सोडल्यावरही तारा निनादत राहतात. डाव्या हाताने मंद्रातले सा-प धरून, तंबोऱ्यासारखे अधूनमधून छेडत, उजव्या हाताने भूप वाजवावा: सलग अर्धस्वर नसल्याने सूर एकमेकांत मिसळले तरी कानाला खुपत नाहीत. यमनात मात्र तीव्र म आणि प एकाच वेळी निनादले की गढूळपणा येतो. तिथे नवा सूर वाजताक्षणी पेडल सोडून लगेच पुन्हा दाबावे.