नवतपा आणि माशांचं पाणी

विदर्भ-मराठवाड्यात परसातल्या टाक्यांत शोभिवंत मासे वाढवणाऱ्यांसाठी आणि घरी काचेची टाकी ठेवणाऱ्यांसाठी, एप्रिलपासून मृगापर्यंत

पहाटे पाचला टॉर्च घेऊन टाक्यांवरून एक फेरी मारा. मासे वर येऊन, तोंड पाण्याच्या रेषेला लावून, दुधावरची साय ओढावी तसे करत असतील आणि कल्ल्यांची झाकणं भराभर उघडमीट होत असतील, तर त्या टाकीचा मे महिना धड जाणार नाही असं समजा. दुपारी तीनला थर्मामीटर बघून घाबरणारे पुष्कळ असतात. पण टाकीची खरी कसोटी पहाटे लागते, कारण पाणवनस्पती आणि हिरवं शेवाळ दिवसा प्राणवायू देतात आणि रात्रभर तोच ओढून घेतात. मासे मेलेले दिसतात सकाळी, आणि दोष जातो आदल्या दुपारच्या उन्हाला.

उन्हाळ्यात पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम विरघळू शकतो, ३० अंशाला साडेसात, ३५ अंशाला सातच्याही आत. इकडे माशाचा श्वास वाढतो. पाणी १० अंशांनी चढलं की त्याची प्राणवायूची गरज दुपटीच्या आसपास जाते. आवक घटली, खर्च वाढला. त्यात विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून निघणारा अमोनिया गरम पाण्यात जास्त बाधतो. पाण्याचा सामू (पीएच) ८ असेल तर २५ अंशाला एकूण अमोनियाचा ५ टक्क्यांच्या आसपास भाग विषारी रूपात असतो, ३० अंशाला तोच ७ टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणून आधी हवा, मग सावली, आणि थंडावा सगळ्यांत शेवटी, हा क्रम ठेवा. लोक नेमके उलटीकडून सुरू करतात आणि पहिल्यांदा बर्फ आणायला धावतात.

किती तापमान चालेल, हे मासा कोणता त्यावर आहे. गप्पी, मोली, प्लॅटी हे पाणी हलतं असेल तर ३०-३१ अंश निभावून नेतात. डिस्कसला तर २८ ते ३० अंशच मानवतात. फायटर आणि गोरामी वरची हवा तोंडाने घेऊ शकतात, त्यामुळे तगून राहतात. फक्त झाकण आणि पाणी यांच्यात चार बोटं जागा सोडा. निऑन टेट्रा २६ च्या पुढे मलूल होतो, नवीन आणायचा असेल तर पावसाळा लागू द्या. खरी पंचाईत गोल्डफिशची. १८ ते २४ अंशांत रमणारा हा मासा, आणि पोरांच्या हट्टापायी घरोघरी येतो तोच, तेही काचेच्या गोल भांड्यात. तोंड अरुंद, पाणी जेमतेम पाच लिटर, वर खिडकीतलं ऊन. मे महिन्यात दुकानदाराने हे भांडं विकूच नये असं माझं मत आहे. विकणाऱ्यांना ते पटत नाही, हेही माहीत आहे.

घरच्या टाकीला सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे छोटा पंखा. काचेचं झाकण काढून त्या जागी जाळी टाका, नाहीतर सकाळी मासा फरशीवर सापडेल. मग टेबलफॅन किंवा जुन्या कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा पंखा पाण्यावर तिरका लावा. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, माठात होतं तेच. किती उतरेल ते हवेच्या कोरडेपणावर ठरतं. खात्री करायची असेल तर भर दुपारी कूलरच्या टबात थर्मामीटर बुडवा. बाहेर ४३ असताना टबातलं पाणी २४-२५ च्या आसपास सापडेल. मुंबईत किंवा गोव्यात हवा ३४ अंशच असते, पण दमट; तिथे पाणी २८ च्या खाली जायला तयार नसतं. म्हणून कोकणात कूलर चालत नाही आणि टाकीवरचा पंखाही एखाद-दोन अंशांवर अडतो. आपल्याकडे तोच पंखा तीन-चार अंश उतरवतो. वैदर्भीय उन्हाळ्याने दिलेली एवढी एकच सवलत आहे, ती सोडू नका.

मात्र कूलरच्या टबातलं पाणी थंड आहे म्हणून टाकीत ओतू नका. त्यात क्षार साठलेले असतात, आणि टब जस्ताच्या पत्र्याचा असेल तर जस्तही उतरलेलं असतं. जस्त माशांना फार बाधतं.

पंख्याने दोन फुटी टाकीतून रोज लिटरभर तरी पाणी उडतं. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. रोज बोअरचंच पाणी भरत गेलात तर महिनाभरात काचेवर पांढरी रेघ उमटते आणि पाणी जड होत जातं. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं पाणी भरा. आठवड्याचा नेहमीचा बदल मात्र नेहमीच्याच पाण्याने करा, तोही एका वेळी दहा-पंधरा टक्क्यांचा. पाणी बदलून टाकी थंड होईल या भ्रमात राहू नका. ३३ अंशांच्या टाकीत २७ अंशांचं दहा टक्के पाणी घातलं तर जेमतेम अर्धा-पाऊण अंश उतरतो.

आणि कोणतं पाणी घालताय ते हात लावून बघा. एका मे महिन्यात मी दुपारी दोनला गच्चीवरच्या काळ्या टाकीचा पाइप सरळ मोलीच्या टाक्यात सोडला होता. पाइप हलवायला हात घातला तेव्हा चटका बसला. तोवर धारेशी खेळायला आलेली पिल्लं आडवी होऊन तरंगत होती. तेव्हापासून माझं पाणी रात्री ड्रममध्ये भरलं जातं. ड्रम सावलीत असतो आणि रात्रभर त्यात एअर स्टोन, म्हणजे पंपाची हवा बारीक बुडबुड्यांनी सोडणारा सच्छिद्र दगड, चालू असतो. नळाच्या पाण्यातला क्लोरीनही त्यात निघून जातो. घाई असेल तर दुकानात मिळणारं क्लोरीन मारायचं औषध घाला. बोअरचं पाणी थंड येतं, पण त्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. ते उंचावरून, झारीतून पाडून मगच वापरा.

आता बर्फ. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत साधारण ५६ लिटर पाणी मावतं. फ्रीझरमध्ये गोठवलेली एक लिटरची बाटली पूर्ण वितळून टाकीच्या पाण्याइतकी कोमट होईपर्यंत ते पाणी दोन अंशांच्या आतबाहेर उतरवते. अर्धा लिटरची बाटली, झाकण घट्ट लावून, कोपऱ्यात एअर स्टोनजवळ सोडा; दुपारी दोन ते पाचच्या वेळेत एक किंवा दोन, बस. बर्फाच्या गाडीवरचा लादीचा तुकडा पाण्यात टाकू नका, तो कोणत्या पाण्याचा आहे ते आपल्याला माहीत नसतं. सकाळी २९ आणि दुपारी ३२ हे मासा सोसतो. ३३ वरून तासाभरात २६ वर आणलं तर दोन-तीन दिवसांत अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके दिसू लागतात आणि मग उन्हाळा औषधांत जातो.

सिमेंटच्या टाक्यांना तर बर्फ हा उपायच नाही. दहा फूट बाय पाच फूट टाक्यात दीड फूट पाणी म्हणजे २१०० लिटर झालं. ते एक अंश उतरवायला २० किलो बर्फ लागेल, आणि ऊन तो अंश तासाभरात परत करेल. इथे पैसा सावलीवर घाला. ७५ टक्के ऊन अडवणारी हिरवी शेडनेट टाक्यापासून सहा-सात फूट उंच बांधा, म्हणजे खालून वारा खेळतो. पाण्याला टेकेल इतकी खाली ताणलेली नेट हवा कोंडते. पश्चिमेकडून तीन ते पाचचं ऊन तिरपं आत शिरतं, त्या बाजूला गोणपाटाचा पडदा सोडा आणि दुपारी दोनदा भिजवा. टाक्याच्या बाहेरच्या भिंतींना चुना मारा, आतून नव्हे. पाणी दीड फुटाचं दोन-सव्वादोन फूट करा. खोल पाणी हळू तापतं आणि मासे खाली जाऊ शकतात. ज्यांचे टाके टिनाच्या शेडखाली आहेत त्यांनी पत्र्यावर तुराट्या-पऱ्हाट्यांचा थर घालावा, विजेची तार सांभाळून. उघडा पत्रा म्हणजे वरून लावलेला तवाच.

पाणकुंभी सोडायची तर निम्म्या पृष्ठभागापेक्षा जास्त पसरू देऊ नका. दुपारी ती सावली देते, पण पूर्ण झाकलं तर रात्री पाणी आणि हवा यांची गाठच पडत नाही. पाणी इतकं हिरवं झालं असेल की कोपरापर्यंत हात घातल्यावर पंजा दिसत नाही, तर रोज थोडं थोडं काढून नवं भरा. पहाटेचं गुदमरणं बहुधा अशाच टाक्यांत सुरू होतं.

खाद्य निम्मं करा. सकाळी आठच्या सुमारास एकदा, पाच मिनिटांत संपेल इतकंच. संध्याकाळचं बंद केलं तरी मासे उपाशी मरत नाहीत. टाकीतला दिवाही तीन-चार तासांवर आणा. पाण्यात बुडवलेली मोटर जितके वॅट खाते ती सगळी शेवटी उष्णता होऊन पाण्यातच उतरते, तेव्हा लहान टाकीत मोठी मोटर नको. बाहेरचा एअर पंप आणि स्पंज फिल्टर बरा. पंप मात्र अशा खोलीत ठेवू नका जिथे डासांची कॉइल किंवा लिक्विड लागतं. पंप तीच हवा ओढून पाण्यात सोडतो, आणि डास मारणारी ती द्रव्यं माशांना डासांइतकीच घातक.

लाइट जाणार हे गृहीतच धरा. बॅटरीवर चालणारा पंप घेऊन ठेवा. तो नसेल तर टाकीतलंच पाणी मगाने काढून फूटभर उंचावरून परत टाकीतच ओता, दर अर्ध्या तासाने वीस-पंचवीस मग. पोरांना हे काम आवडतं. चार-पाच तासांहून जास्त वेळ फिल्टर बंद राहिला तर चालू करण्याआधी स्पंज टाकीच्याच काढलेल्या पाण्यात पिळून घ्या, कारण आतले जिवाणू मरून पाणी सडलेलं असतं. नळाखाली धुवायचा नाही.

तोंडाभोवती कापसासारखं पांढरं दिसलं की दुकानदार लगेच बाटली काढून देतो. फॉर्मॅलिन असलेली औषधं पाण्यातला प्राणवायू आणखी खातात. आधी हवा दुप्पट करा, आजारी मासा वेगळा काढा, पाणी थोडं बदला, मग औषधाचं बघा.

मासे विकायला पाठवत असाल तर आदल्या दिवसापासून खाद्य बंद, पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन, थर्माकोलचा डबा आणि रात्रीची गाडी. दुपारच्या एसटीच्या टपावर डबा चढवू नका, कंडक्टर हो म्हणाला तरी. माल घेणाऱ्याला सांगा, पिशवी वीस मिनिटं टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवून मगच सोडायची.

२५ मेला सूर्य रोहिणीत गेला की नवतपा लागतो. त्या नऊ दिवसांत नवे मासे आणू नका, टाक्या पूर्ण उपसून धुऊ नका, जोड्या लावू नका. त्यानंतर वळवाची किंवा मृगाची पहिली सर येते तेव्हाही सैल सुटू नका: शेडनेटवर साठलेली धूळ आणि पत्र्यावरची घाण त्याच पाण्याबरोबर टाक्यात उतरते, आणि तापलेलं पाणी अर्ध्या तासात चार-पाच अंश घसरतं. पहिल्या दोन सरींना टाक्यावर ताडपत्री ओढा. आणि सांडव्याच्या पाइपाची जाळी आत्ताच तपासून ठेवा, कारण पाऊस रात्री येतो आणि गप्पीची पिल्लं पाण्याबरोबर नालीत जातात.