पॉलीहाऊसमधली काकडी आणि माळव्याची गार रात्र: फवारणीच्या आधी काय करायचं

माळव्याच्या रात्रीचं कौतुक आपण इंदूरकर लहानपणापासून ऐकतो, शब-ए-मालवा म्हणतात, दिवसभर कितीही तापलं तरी रात्री गच्चीवर गार वारा सुटतोच. पण पॉलीहाऊसमध्ये काकडी लावली की हीच गार रात्र पिकावर येते, आणि हे मला कळायला एक अख्खं पीक गेलं. खंडवा रोडला सिमरोलच्या बाजूला आमचं अर्ध्या एकराचं पॉलीहाऊस आहे, पहिल्या वर्षी सप्टेंबरात वेल छातीपर्यंत आलेले, पानं ताटाएवढी, आणि आम्ही काय करायचो तर झाडांना ऊब राहावी म्हणून संध्याकाळी पाच वाजताच साइडचे पडदे खाली सोडायचो. सकाळी गेलं की वरच्या प्लास्टिकमधून टपटप पाणी. आमच्याकडचे मजूर म्हणायचे, भाभी, छत रोती है. मला वाटायचं ओलावा आहे, चांगलंच आहे. पंधरा दिवसांत खालच्या पानांवर पिवळे चौकोनी डाग आले, मग ती पानं वाळून कागदासारखी झाली, आणि चोइथराम मंडीत माल जायला लागून दोन आठवडे होत नाहीत तोच वेल संपले.

म्हणून सगळ्यात आधी हे पाण्याचं गणित सांगते. 30 अंशाची हवा एका घनमीटरमध्ये साधारण 30 ग्रॅम वाफ धरते, 20 अंशाची हवा फक्त 17 ग्रॅम. म्हणजे दुपारी पॉलीहाऊसमध्ये 30 अंश आणि 60 टक्के आर्द्रता असेल तर हवेत 18 ग्रॅम पाणी आहे, दिसायला कोरडंच वाटतं, पण रात्री पारा 21 च्या खाली गेला की ते हवेत मावत नाही, मग ते प्लास्टिकवर, पानावर, फळावर दव होऊन बसतं. आणि काकडीचं पीक स्वतः पानांतून सतत वाफ सोडत असतं त्यामुळे खरी आर्द्रता 60 च्या बरीच वर असते. माझ्या वेलांवर आला तो केवडा रोग, ज्याला आपण डाउनी म्हणतो, त्याला पानावर हे पाणीच हवं असतं. त्याचे बीजाणू पाण्यात पोहत जाऊन पानाच्या छिद्रातून आत शिरतात, गार ओल्या रात्री काही तास पुरतात, आणि डाग दिसायला चार ते बारा दिवस लागतात. डाग दिसला तेव्हा रोग आठवडाभर जुना झालेला असतो हे लक्षात ठेवा.

आता करायचं काय. एक डिजिटल मीटर घ्या जो तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवतो, साधा चालतो, फक्त तो दारापाशी नको, वेलांच्या मध्ये पानांच्या उंचीवर टांगा आणि ऊन थेट पडणार नाही असं बघा. संध्याकाळी सूर्य कलला की पडदे लगेच पाडायचे नाहीत. वरची खिडकी आणि साइड दोन्ही उघडे ठेवून दिवसभराची दमट हवा बाहेर जाऊ द्यायची, थंडीतसुद्धा वीस-तीस मिनिटं तरी, मग डिसेंबर-जानेवारीत जेव्हा रात्र आठ-दहा अंशावर येते तेव्हा बंद करा, वरती थोडी फट ठेवूनच. सकाळी उलटं, ऊन चढायच्या आधीच हळूहळू उघडायला लागायचं, कारण सूर्य आला की हवा पटकन गरम होते पण फळ आणि खोड गारच असतं, आणि त्या गार फळावर परत पाणी सुटतं. करडी बुरशी फळाच्या टोकाला आणि सुकलेल्या फुलाला धरते ती बहुतेक अशाच सकाळी. जुलै-ऑगस्टच्या झडीत बाहेरचीच हवा ओली असते, तेव्हा उघडून आर्द्रता कमी होत नाही हे खरं आहे, पण हवा हलती राहिली तरी पान लवकर सुकतं म्हणून वाऱ्याच्या उलट्या बाजूचा पडदा तरी वर ठेवा, आणि वीज असेल तर आतले पंखे रात्रीही हळू चालू ठेवा.

ड्रिप सकाळीच. दुपारनंतर पाणी द्यायचंच नाही, कारण संध्याकाळी ओली राहिलेली माती रात्रभर वाफ सोडत राहते, बेडवर मल्चिंग, म्हणजे माती झाकणारं प्लास्टिक, असेल तर निम्मी काळजी कमी. फॉगर, म्हणजे पाण्याचं बारीक धुकं उडवणारे नोझल, फक्त उन्हाळ्याच्या दुपारी, आणि फवारणीसुद्धा सकाळी, म्हणजे दुपारपर्यंत पान कोरडं होतं. बरेच जण संध्याकाळी गार झाल्यावर फवारतात, औषधाने जेवढा रोग थांबतो तेवढाच त्या ओल्या पानावर रात्री नवीन येतो, मी हे दोन हंगाम बघितलंय.

खालची पानं काढणं हेही हवेचंच काम आहे. ज्या उंचीपर्यंत फळं तोडून झाली त्याच्या खालची जुनी पानं काढून टाका, पण कोरड्या उन्हाच्या दुपारी, आणि खोडाला अगदी लगटून, देठाचा ठूठ मागे ठेवायचा नाही, त्या ठुठातूनच डिंक्या नावाचा बुरशीचा रोग खोडात शिरतो, मग खोडावर लाल-तपकिरी डिंक दिसतो आणि वरचा वेल उभाच्या उभा सुकतो. काढलेली पानं पिशवीत भरून बाहेर न्यायची. रांगेत टाकून दिली की सगळी मेहनत वाया.

रोग ओळखायची घाई करू नका. भुरी आणि केवडा यात आपल्याकडे फार गोंधळ होतो. भुरी पानाच्या वरच्या बाजूला पीठ सांडल्यासारखी, बोटाने पुसली तर पुसली जाते, आणि तिला पानावर पाणी लागत नाही, दमट हवा पुरते, उलट साचलेल्या पाण्यात तिचे बीजाणू नीट रुजत नाहीत. म्हणून कोरड्या दिवसांतही ती येते, फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे तीच त्रास देते. केवड्याचे डाग शिरांच्या मध्ये अडकलेले, कोनाकोनाचे, पिवळे, आणि पहाटे पान उलटून बघितलं तर खाली राखाडी-जांभळी लव. शंका असेल तर तसलं पान प्लास्टिकच्या पिशवीत ओल्या कापसाबरोबर रात्रभर ठेवा, केवडा असेल तर सकाळी लव उगवलेली असते. मग औषध. दोघांची औषधं वेगळी आहेत, कारण केवड्याचा जंतू खरी बुरशीच नाही, पाण्यातल्या शेवाळाच्या नात्यातला आहे, भुरीचं औषध त्याच्यावर बहुतेक काही करत नाही.

शिमला मिरचीवाल्यांसाठी एवढंच, पान होडीसारखं वर वळलं तर फुलकिडे बघा, खाली वळलं तर कोळी बघा, दोन्ही भिंगाशिवाय दिसत नाहीत आणि दोन्हीला लोक व्हायरस म्हणून झाडं उपटतात. आणि टोमॅटो किंवा मिरचीचं हिरवंच झाड अचानक मलूल झालं तर खोडाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात धरा, दुधासारखी धार खाली उतरली तर ती जिवाणूची मर, तिच्यावर फवारणीचा एक पैसा खर्च करू नका, झाड मातीसकट काढा. धार नाही आणि खोड आत तपकिरी दिसतंय तर बुरशीची मर.

भुरीसाठी पाण्यात विरघळणारं 80 टक्के गंधक लिटरला दोन ग्रॅम, पण 32 अंशाच्या वर ऊन असेल तर नको, काकडीची पानं गंधकाने भाजतात, आणि निंबोळी तेल मारलं असेल तर दोन आठवडे गंधकाला हात लावायचा नाही. सुरुवातीची भुरी असेल तर दूध वापरून बघा, ऐकायला घरगुती वाटतं पण 1999 मध्ये ब्राझीलच्या शास्त्रज्ञाने झुकिनीवर केलेला प्रयोग छापून आलाय, दहा टक्के किंवा त्याहून जास्त गाईचं दूध पाण्यात मिसळून आठवड्याला फवारलं तर भुरी बरीच आटोक्यात राहिली. मी दर आठवड्याला दोन रांगांवर करते, उन्हाच्या दिवशी फवारते, काम होतं. भुरी पसरल्यावर मात्र दुधावर विसंबू नका.

औषध दुकानातून आणता तेव्हा नाव नाही, गट बघा, म्हणजे आतलं रसायन बुरशीवर कोणत्या रीतीने काम करतं ते. पहिल्या वर्षी मला दुकानदाराने तीन वेगळ्या नावांच्या बाटल्या दिल्या, मी आलटूनपालटून मारतेय असं समजत होते, नंतर बाटलीच्या मागचं वाचलं तर दोन एकाच गटाच्या. बुरशीला कळतं ते आतलं रसायन, ब्रँड नाही. एकाच गटाचं औषध लागोपाठ मारलं की त्याला न जुमानणारी बुरशीच शिल्लक राहते. म्हणून वहीत तारीख आणि आतल्या घटकाचं नाव लिहा, मॅन्कोझेबसारखं वरून संरक्षण करणारं एकदा, मग आत शोषलं जाणारं एकदा, मग परत वेगळ्या गटाचं. लेबलवर काकडीचं नाव आहे का आणि फवारणीनंतर किती दिवस तोडायचं नाही हे वाचायचंच. आपली काकडी दिवसाआड तुटते, पाच-सात दिवस थांबायचं औषध मारून तिसऱ्या दिवशी मंडीत माल पाठवायचा हे मला मान्य नाही, ती काकडी कोणीतरी धुऊन कच्चीच खाणार आहे, बहुतेक लहान मूल. तोडणीच्या दिवसांत म्हणूनच हवा आणि स्वच्छता यावर जास्त भर द्या.

माती. माळव्याची काळी माती पॉलीहाऊसच्या बेडला एकटी चालत नाही, पाणी धरून बसते, मुळं गुदमरतात आणि पिथियम नावाचा जंतू रोपांना जमिनीलगत कापल्यासारखं कोलमडवतो. लाल माती, वाळू, भाताचा तूस, कुजलेलं शेणखत मिसळून बेड फूट-दीड फूट उंच करा. झाड उपटून मूळ बघत जा, वरची साल निसटून आत दोऱ्यासारखं राहिलं तर पिथियम, मुळावर गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे बारीक जंत. सूत्रकृमी पॉलीहाऊसचा सगळ्यात वाईट शत्रू, कारण इथे पाऊस नाही, विश्रांती नाही, वर्षभर एकच पीक, त्यांची पिढ्यान् पिढ्या मेजवानी. काकडीनंतर झेंडूचं एक पीक घ्या, निंबोळी पेंड चौरस मीटरला दोनशे ग्रॅम मिसळा, आणि एप्रिल-मेमध्ये बेड चांगले भिजवून वर 25 ते 50 मायक्रॉनचं पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत गाडा, चार ते सहा आठवडे. काळं प्लास्टिक नाही, पारदर्शकच, ऊन आत गेलं पाहिजे. पॉलीहाऊसचे पडदे त्या काळात बंद ठेवले तर आणखी तापतं. वरची पंधरा-वीस सेंटीमीटर माती यात चांगली शुद्ध होते, खोल गेलेले सूत्रकृमी वाचतात, म्हणून झेंडू आणि पेंड सोडायची नाही.

मग ती माती तापवल्यानंतर ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी, एक किलो शंभर किलो ओलसर शेणखतात मिसळून सावलीत गोणपाटाखाली आठ-दहा दिवस ठेवून बेडमध्ये द्यायचं. रासायनिक बुरशीनाशक त्याच सुमारास मातीत ओतलं तर तेही मरतं. एक गंमतशीर खरी गोष्ट, हाच ट्रायकोडर्मा घरात अळिंबी लावणाऱ्यांचा शत्रू आहे, त्यांच्या पिशवीत हिरवी बुरशी येते ती हीच, म्हणून दोन्ही कामं एकाच खोलीत आणि एकाच हातांनी करू नका.

खताचा विषय निघाला तर आपल्या इंदूरचंच सांगावं लागेल. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज, मूळचे बुरशीशास्त्रज्ञ, 1924 ते 1931 इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत होते, जिथे आज आपलं कृषी महाविद्यालय आहे, आणि तिथेच त्यांनी पालापाचोळा आणि शेणाचे थर देऊन, तीनदा उलटवून, तीन महिन्यांत खत करायची रीत बसवली, जगभर तिला इंदूर पद्धत म्हणतात. रोगाच्या दृष्टीने त्यात महत्त्वाचं म्हणजे ढीग आतून तापतो. 55 अंशाच्या वर काही दिवस राहिला आणि उलटवताना बाहेरचं आत गेलं तर बहुतेक रोगजंतू मरतात. केवडा-भुरीची पानं अशा ढिगात चालतात, पण गाठी आलेली मुळं आणि व्हायरसची झाडं नाही, ती जमिनीपासून लांब खोल पुरा.

व्हायरसला औषध नाही. 40-50 मेशची, म्हणजे इंचाला तेवढी छिद्रं असलेली, किडे अडवणारी जाळी, दोन दारांची खोली म्हणजे एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, पिवळे चिकट सापळे, आणि आत येणाऱ्याचे हातपाय स्वच्छ. विडी-तंबाखू खाणाऱ्या मजुरांना मिरची-टोमॅटोत जायच्या आधी साबणाने हात धुवायला सांगा, तंबाखूचा मोझॅक सुक्या तंबाखूतही जिवंत राहतो. रागावून नाही, समजावून सांगा, नळ आणि साबण दारातच ठेवा म्हणजे ते आपणहून धुतात.

शहरात फ्लॅटमध्ये पाण्यावर लेट्यूस-पालक घेणाऱ्यांनी फक्त टाकीचं तापमान बघावं. 20 अंशाच्या पाण्यात लिटरला नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, 30 अंशाला साडेसात, आणि पिथियमला तेच गरम पाणी आवडतं, एका झाडाचा रोग त्याच पाण्यातून सगळ्यांना जातो. टाकी झाकलेली, सावलीत, हवेचा पंप चालू, आणि मूळ तपकिरी-बुळबुळीत दिसलं की पाणी सगळं बदलून टाकी ब्लीचने धुवा.

अडलं तर रोगट पान आणि मूळ दोन्ही घेऊन कस्तूरबाग्रामच्या कृषी विज्ञान केंद्रात जा, नुसता फोटो नको. किसान कॉल सेंटर 1800-180-1551 वर फोन फुकट लागतो. आणि आज संध्याकाळी पडदे पाडायला जाल तेव्हा आधी मीटर बघा, आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर असेल तर अर्धा तास थांबा.