कस्टम रॉमवर अँटीव्हायरस ॲक्टिव्हेट होत नाही? मग हे बघा

लिनिएजओएस, ई-ओएस, कॅलिक्सओएस, ग्राफीनओएस असलं कस्टम रॉम, म्हणजे कंपनीच्या अँड्रॉइडऐवजी दुसरं अँड्रॉइड, फोनवर टाकलं की रोजची ॲप्स बहुतेक चालतात, पण पैसे भरून घेतलेला अँटीव्हायरस नेमका नखरे करतो. लायसन्स की (ॲक्टिव्हेशनचा कोड) बरोबर असते, नेट चालू असतं, तरी गोल चक्र फिरत राहतं नाहीतर "लायसन्स सापडलं नाही" येतं. कारण साधं आहे. स्कॅन करणारा भाग कुठल्याही अँड्रॉइडवर चालतो, पण लायसन्स तपासणारा भाग बऱ्याचदा गूगल प्ले सर्व्हिसेसला विचारायला जातो आणि तीच तुमच्या फोनमध्ये नसते, किंवा तिच्या जागी मायक्रोजी, म्हणजे तिचं काम थोडंफार करणारा मुक्त पर्याय, असतं. त्यामुळे सारखं अनइन्स्टॉल-इन्स्टॉल करत बसू नका, आधी लायसन्स घेतलं कुठून ते आठवा.

प्ले स्टोअरमध्ये ॲपच्या आतूनच पैसे भरले असतील तर सगळ्यात जास्त डोकेदुखी इथेच. ऑरोरा स्टोअरमधून (गूगल अकाउंटशिवाय प्ले स्टोअरची ॲप्स देणारं ॲप) अँटीव्हायरस उतरेल, पण आत केलेली खरेदी त्याच्याबरोबर येत नाही. ग्राफीनओएसवाल्यांना हे सोपं आहे, तिथे प्ले सर्व्हिसेस आणि प्ले स्टोअर साध्या ॲपसारखे सँडबॉक्समध्ये, म्हणजे खास अधिकार न देता, टाकता येतात, ते टाकून ज्या अकाउंटने पैसे भरले त्यानेच लॉगिन करा. बाकीच्यांनी असं करून बघा: गूगल असलेला दुसरा फोन घ्या, त्यात ॲप ॲक्टिव्हेट करा आणि ते लायसन्स कंपनीच्या स्वतःच्या अकाउंटला जोडलं जातंय का बघा. जोडलं गेलं तर तोच ईमेल-पासवर्ड रॉमवाल्या फोनवर टाकला की काम होतं, बिलिंगचा संबंधच उरत नाही. अजून खरेदी केलीच नसेल तर सरळ कंपनीच्या वेबसाइटवरून की घ्या, आणि त्याआधी फुकटची ट्रायल या फोनवर चालते का ते बघून घ्या.

कंपनी स्वतः एपीके (ॲपची इन्स्टॉल फाइल) देत असेल तर तीच घ्या. भलत्या साइटवरून "प्रीमियम अनलॉक" केलेला अँटीव्हायरस उतरवणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

आता मायक्रोजी असेल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये जा, सेल्फ-चेक उघडा आणि सगळ्यावर टिक आहे का बघा, सिग्नेचर स्पूफिंगवर (मायक्रोजीला गूगलची सही दाखवू देणारी रॉमची सोय) टिक नसेल तर पुढचं काही चालणार नाही. मग डिव्हाइस रजिस्ट्रेशन आणि क्लाउड मेसेजिंग चालू करा. नव्या आवृत्तीत लायसन्स तपासणीला उत्तर द्यायचा एक पर्याय पण आहे, असेल तर तोही चालू करा. हे झाल्यावर अँटीव्हायरस काढून परत टाका, कारण पुश मेसेजसाठीची नोंदणी ॲप सहसा पहिल्यांदा उघडल्यावरच करतं, आधी फसलेलं असलं तर बऱ्याचदा तसंच अडकून राहतं.

तरी चक्र फिरतंय? मग ॲपचा रस्ता कुणी अडवतंय का बघा. कस्टम रॉम टाकणारा माणूस प्रायव्हसीवाला असतो, म्हणजे प्रायव्हेट डीएनएसवर ॲडब्लॉकर, वरून फायरवॉल, ई-ओएसमध्ये तर ॲडव्हान्स्ड प्रायव्हसी आहेच, आणि यातलं कुणीतरी लायसन्स सर्व्हरलाच ट्रॅकर समजून अडवतं. ॲक्टिव्हेशन होईपर्यंत हे सगळं बंद ठेवा. व्हीपीएन पण बंद करा, अँड्रॉइडमध्ये एका वेळी एकच व्हीपीएन चालतो आणि बऱ्याच अँटीव्हायरसचं वेब प्रोटेक्शन तीच जागा मागतं. आणि हो, फोनची तारीख-वेळ बघा, नवीन रॉम टाकल्यावर ती कधीकधी चुकलेली असते आणि मग सर्व्हरचं सर्टिफिकेटच नाकारलं जातं.

"डिव्हाइसची मर्यादा संपली" असं आलं तर घाबरू नका. अँड्रॉइड ८ पासून प्रत्येक ॲपला फोनचा वेगळा आयडी दिसतो आणि फॅक्टरी रीसेट केलं की तो बदलतो, म्हणून रॉम टाकल्यावर तुमचाच जुना फोन कंपनीला नवा वाटतो. अकाउंटमध्ये जाऊन जुनी नोंद काढली की जागा मोकळी होते.

ॲक्टिव्हेट झालं पण ॲक्सेसिबिलिटीची परवानगी करड्या रंगात अडकली असेल तर तो अँड्रॉइड १३ पासूनचा नियम आहे, स्टोअरबाहेरून टाकलेल्या ॲपला ती परवानगी लगेच मिळत नाही. एकदा ती चालू करायचा प्रयत्न करा, नकार येऊ द्या, मग ॲप इन्फोमध्ये वरच्या तीन ठिपक्यांत "अलाऊ रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज" दिसेल. बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून पण ॲपला वगळा, नाहीतर मागे चालणारं स्कॅनिंग गपचूप बंद पडतं.

एवढं करूनही "हा फोन सुरक्षित नाही" म्हणून अडवलं तर बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्राम) अनलॉक आहे का किंवा फोन रूट केलाय का, म्हणजे सिस्टिमवर पूर्ण ताबा घेतलाय का, ते ॲप तपासतंय. रूट लपवायचे जुगाड आहेत, पण सुरक्षेचं ॲप चालावं म्हणून फोनमध्ये आणखी भोकं पाडण्यात मला तरी अर्थ दिसत नाही, दुसरी कंपनी बघा. तसंही अँड्रॉइडवरचा अँटीव्हायरस दुसऱ्या ॲपच्या खाजगी डेटात डोकावू शकत नाही, तो मुख्यतः टाकलेली ॲप्स आणि स्टोरेजमधल्या फाइली तपासतो, त्यामुळे रॉमचे सिक्युरिटी अपडेट वेळेवर टाकणं जास्त महत्त्वाचं.

सगळं जमलं की ईआयसीएआरची टेस्ट फाइल उतरवून स्कॅन करा. ती ६८ अक्षरांची निरुपद्रवी फाइल खास तपासणीसाठीच बनवलेली आहे. ॲप ओरडलं तर चालतंय. गप्प बसलं तर आधी फाइलींची परवानगी दिलीय का बघा, काही ॲप्स फक्त एपीकेच तपासतात हेही ध्यानात ठेवा.